दिवा लागतो, पण ओळख पटत नाही

जुलैतल्या एका रविवारी बोरिवलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, साउंड कार्ड डिटेक्टच होत नाहीये. दिवा लागतोय पण!"

त्या 'पण'मध्येच खरी गोम होती.

तो साउंड कार्ड म्हणतो त्याला दुकानात ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकमधून आलेला आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजायचा, ते आकडे लॅपटॉपला पाठवायचे आणि तिकडून आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे त्या डब्याचं काम. भाचा त्यावर तबला रेकॉर्ड करतो. मला फोन करण्याआधी त्यानं ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला डब्याशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर, तीनदा काढून पुन्हा टाकला होता आणि आता विंडोजच नव्यानं टाकायच्या बेतात होता. बहुतेक जण अशी शेवटापासूनच सुरुवात करतात.

साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड. उरलेल्या दोन माहितीच्या. दिवा पेटायला पहिल्या दोन पुरतात, तेव्हा दिव्यावरून निम्म्याच केबलीची खबर कळते. ट्रिमर, टेबल लॅम्प असल्या वस्तूंबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलींत पुष्कळदा माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. वरून पाहून हे कळत नाही.

तारा चारही असल्या, तर पुढचा प्रकार डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतो. डबा माहितीच्या एका तारेवर १.५ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ३.३ व्होल्ट देतो. ही झाली दाराची कडी वाजवणं. ती ऐकून लॅपटॉप त्याला रीसेट करतो. या घडीला डब्याचा पत्ता असतो शून्य; चाळीत नुकत्याच आलेल्या बिऱ्हाडासारखा, दारावर पाटी नाही. मग लॅपटॉप त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो आणि चौकशी करतो: कंपनीचा क्रमांक काय, मॉडेलचा काय, वीज किती लागते, काम काय करतोस? ड्रायव्हर शोधायची वेळ येते ती या चौकशीनंतर. ज्याची कडीच वाजलेली नाही, त्याच्यासाठी ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी काय उपयोग?

म्हणून आधी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडायचा आणि त्याच्याकडे बघत केबल काढून परत घालायची. यादी हललीच नाही, तर केबल, पोर्ट किंवा वीज यांच्यावर संशय घ्यावा. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि कोड ४३ आला, तर कडी वाजली, पण आतून-बाहेरून बोलणं जुळलं नाही. तिथे केबल किंवा हब (एका पोर्टाचे अनेक करणारा जोड) खराब असतो, कधीकधी डब्यातला बोर्डही. नाव नीट दिसतं आणि आवाज तेवढा नाही, तेव्हा खुशाल ड्रायव्हरच्या मागे लागा. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचं दुसरं प्रमाण २००६ सालचं, पण विंडोजमध्ये त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आला थेट २०१७ मध्ये. तोवर कंपनीच्या ड्रायव्हरवाचून त्या प्रमाणाचे डबे विंडोजवर चालत नसत. नव्या मॅकबुकवर मात्र 'जोडू द्यायचं का?' असा प्रश्न येतो, आणि घाईत आपणच नाही म्हणून बसतो.

विजेचं गणितही बघायला हवं. यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमानं ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि ओळख पटेपर्यंत त्यातले १००च घ्यायची मुभा असते. कंडेन्सर माइकसाठी लागणारी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर याच ५ व्होल्टांतून वाढवून काढायची. त्यात डबा स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर, शेजारी हार्ड डिस्क आणि माउस! फॅन्टमचं बटण बंद करून, हब बाजूला ठेवून डबा थेट लॅपटॉपला लावला, की असली निम्मी दुखणी तिथेच उघडी पडतात.

आपल्याकडे आणखी एक भिडू आहे, तो म्हणजे मुंबईची खारट, दमट हवा. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. काढघाल करून तो झिजला की खालच्या धातूवर पावसाळ्यात थर चढायला वेळ लागत नाही. सगळं बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर बोळा फिरवून नीट वाळू द्यावं. तोंडानं फुंकर मारायची सवय मात्र सोडा, तिच्यात ओलावाच जास्त.

भाच्याकडची यादी हलत नव्हती. त्याला म्हटलं, याच केबलीनं फोन लॅपटॉपला जोडून फोटो दिसतात का बघ. फोन चार्ज होऊ लागला, फोटो दिसेनात. केबल ट्रिमरची निघाली. डब्याची मूळ केबल महिनाभर त्याच्या बाबांच्या पॉवर बँकेबरोबर लोकलनं चर्चगेटला जात-येत होती.

ती लावली आणि डबा लगेच सापडला. पण रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टक्' ऐकू येऊ लागलं. ओळखीच्या बोलण्यात चूक झाली तर ते पुन्हा बोलता येतं. आवाजाचे आकडे मात्र ठरल्या क्षणी पोहोचायला हवेत, हरवलेला तुकडा यूएसबी परत पाठवत नाही. बॅगेत मुडपून आतून दुखावलेली केबल त्यामुळे ओळख पटवून देते आणि तबल्यात खडे टाकते.

सोमवारी लॅमिंग्टन रोडवरून एक मीटरच्या दोन केबली आणल्या. एकीवर भाच्याचं नाव लिहिलं, दुसरीवर भावजींचं.