पीएचसीतल्या सिस्टर आणि फार्मासिस्ट यांचं नोकरीतलं शिक्षण, मागचा इतिहास

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पेशंटला डॉक्टर थोडा वेळ बघतात, पण बीपी मोजणं, इंजेक्शन, ड्रेसिंग, गोळी जेवणाआधी की नंतर, मागच्या महिन्याची गोळी का चुकली, हे सगळं सिस्टर आणि औषध देणारे फार्मासिस्ट बघतात (सरकारी कागदावर ते औषध निर्माण अधिकारी). यांचा कोर्स होऊन वीसेक वर्षं झालेली असतील तर मधल्या काळात बदललेली औषधं आणि उपचार त्यांना कोणी शिकवले, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला, आणि का ते समजायला १९४६ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी देशाची आरोग्यव्यवस्था तपासणाऱ्या भोर समितीचा रिपोर्ट आला. तेव्हाच्या ब्रिटिश इंडियात साधारण ३० कोटी लोकांमागे ७,००० नर्स आणि शिकलेले फार्मासिस्ट फक्त ७५! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छापताना शून्य राहिलंय की काय असं वाटलं, पण हिशोबही तसाच दिलाय, ४० लाखांमागे एक. म्हणजे आधी माणसंच तयार करायची होती, त्यामुळे पुढचे सगळे कायदे दारावर उभे राहून कोण आत येतो ते बघणारे झाले. १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा, दोन्हींचा जोर कोर्स कोणता आणि रजिस्टरवर नाव कोणाचं यावर. फार्मसीच्या पहिल्या रजिस्टरवर तर ५ वर्षं दवाखान्यात औषधं बनवलेल्या कंपाउंडरलाही घेतलं, आणि तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. पण एकदा नाव लागलं की पुढे फी भरा, नाव चालू राहील. शिकत राहायची अट या कायद्यांत कुठेच नव्हती.

सिस्टरांची गोष्ट जास्त बोलकी आहे. एएनएमचा (सहाय्यक परिचारिका-सुईण) २ वर्षांचा कोर्स १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला आणि त्यात बाळंतपणावर मोठा भर होता. मग १९७३ ला कर्तारसिंग समितीने सांगितलं की मलेरियाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा असे कर्मचारी नकोत, सगळी कामं करणारे बहुउद्देशीय कर्मचारी हवेत, त्यातून एएनएमची आरोग्य सेविका झाली, आणि १९७७ ला कोर्स १८ महिन्यांवर आणला. लसीकरण, कुटुंब नियोजन, रजिस्टरं वाढली आणि बाळंतपणाचा सराव कमी झाला. पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी सेविका अशा की सबसेंटरला (पीएचसीखालच्या उपकेंद्राला) एकट्या राहतात पण स्वतः फारशी बाळंतपणं केलेली नाहीत, दोष त्यांचा नाही, कोर्सनेच ते काढून घेतलं.

२००५ ला एनआरएचएम (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान) आलं आणि मातामृत्यू कमी करायचे ठरल्यावर हीच उणीव समोर आली. मग एसबीए, म्हणजे कुशलतेने बाळंतपण करायचं ट्रेनिंग, एएनएम आणि स्टाफ नर्ससाठी २१ दिवसांचं, प्रत्यक्ष लेबर रूममध्ये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन, झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग रेफर करायचं, हे एएनएमला अधिकृतपणे करायची परवानगी याच काळात मिळाली. माझ्या मते आपल्याकडच्या नोकरीतल्या शिक्षणातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, कारण इथे नुसती माहिती दिली नाही, हात वापरायचा अधिकारही दिला. आणि त्याच वेळी वाईटही वाटतं, की कोर्समधून जे कमी केलं तेच तीसेक वर्षांनी २१ दिवसांत भरून काढावं लागलं.

त्यानंतर ट्रेनिंग येत राहिली पण स्कीम येईल तशी, नवजात आणि लहान मुलांच्या आजारांचं आयएमएनसीआय झालं, २००९ ला नवजात बाळांचं एनएसएसके झालं, प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, फॉर्म वेगळा. सिस्टर ट्रेनिंगला गेली की सबसेंटर शेजारच्या सिस्टरच्या गळ्यात, म्हणून कधीकधी ज्याला सोडता येतं त्याला पाठवलं जातं, ज्याला गरज आहे त्याला नाही. हे बोललं पाहिजे.

फार्मासिस्टांकडे तर स्कीमही फारशा वळल्या नाहीत. त्यांच्यावर जबाबदाऱ्या मात्र आल्या. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच१ लागू झालं, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक्स आणि टीबीच्या औषधांची वेगळी नोंद आणि ती ३ वर्षं जपायची, २०१८ ला टीबीची औषधं घेणाऱ्या पेशंटची माहिती कळवणं मेडिकलवाल्यांनाही बंधनकारक झालं. मधे २०१५ ला फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन आले आणि पहिल्यांदा देशभरासाठी लिहिलं गेलं की रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर ५ वर्षांत किमान २ रिफ्रेशर कोर्स, प्रत्येकी किमान एक दिवसाचा. १९४८ पासून २०१५, मोजा. आणि तिकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने ५ वर्षांत १५० तास ठरवले. एकाच पीएचसीत, एकाच पेशंटला बघणाऱ्या दोघांत १५० तास आणि दोन दिवस एवढा फरक कशासाठी, हे मला अजून पटलेलं नाही.

तासांपेक्षा काय शिकवलं ते महत्त्वाचं म्हणणाऱ्यांनी बीपीचं उदाहरण बघावं. बीपी कंट्रोलचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ च्या सुमारास सुरू झाला त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. ठरलेला साधा औषधांचा प्रोटोकॉल, सिस्टरने नीट बीपी मोजायचं आणि न आलेल्या पेशंटचा माग काढायचा, फार्मासिस्टने पुढच्या महिन्यांचा साठा आधीच मोजून मागणी करायची. शिकलेलं दुसऱ्या दिवशीच वापरायचं, त्यामुळे ते टिकतं. २०१८ पासून हेल्थ अँड वेलनेस सेंटरला नेमलेल्या सीएचओंचा (सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांचा) ६ महिन्यांचा कोर्सही याच दिशेने होता, नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकलेल्यांना बीपी, शुगर आणि कॅन्सरची तपासणी सबसेंटरलाच करता यावी म्हणून.

२०२३ ला नर्सिंग आणि मिडवायफरीसाठी नवा आयोग कायदा झाला, १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. फार्मसीत २०२२ ला डिप्लोमानंतर एक्झिट एक्झामचे (रजिस्ट्रेशनआधीच्या परीक्षेचे) नियम आले, चांगलंच आहे, पण ती परीक्षा पुन्हा दारावरचीच, आत येऊन काउंटरवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या फार्मासिस्टच्या वाट्याला अजून तेच ५ वर्षांतले दोन दिवस आहेत.