टस्कनीतले पांढरे रस्ते डांबरापासून कसे वाचले

मार्चच्या सुरुवातीला इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या सिएना शहराभोवतीच्या टेकड्यांवर पांढरी धूळ उडू लागली, की जगभरचे सायकलवेडे टीव्हीसमोर ठाण मांडून बसतात. ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे ‘पांढरे रस्ते’, एवढंच साधं नाव असलेली ही शर्यत बघताना वाटतं, ही शंभरेक वर्षं तरी चालू असावी. प्रत्यक्षात तिचा जन्म २००७चा. इटलीतलीच मिलान–सान रेमो ही शर्यत तिच्याहून बरोबर शंभर वर्षांनी मोठी आहे. शर्यत नवी असली तरी तिचे रस्ते फार जुने, आणि ते मुळात कच्चे राहिले त्यामागच्या कारणाचा सायकलशी काडीचाही संबंध नाही.

या भागात शेकडो वर्षं जमीन अर्धलीने कसली जायची. या पद्धतीला तिथे ‘मेद्झाद्रिया’ म्हणत. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाच्या अख्ख्या कुटुंबाने, आणि गहू, द्राक्षं, ऑलिव्ह जे काही निघेल ते निम्मं-निम्मं. मात्र ही कुळं गावठाणात एकमेकांना लागून राहत नसत. प्रत्येक कुटुंबाचं दगडी घर त्याच्या वाट्याच्या जमिनीतच, बहुतेक वेळा टेकडीच्या माथ्यावर असे. घरासकट त्या जमिनीला ‘पोदेरे’ म्हणत. अशा अनेक पोदेरेंचा कारभार मालकाच्या ‘फात्तोरिया’तून चाले. त्याचा कारभारी, दारूचं तळघर, तेलाची घाणी, हिशेबाच्या वह्या सगळं तिथे.

घरं अशी विखुरलेली असल्यामुळे प्रत्येक घराला वेगळी गाडीवाट लागायची. मालकाचा निम्मा वाटा किआनीना जातीचे पांढरे धिप्पाड बैल ओढून नेत, आणि बैलगाडी जाईल एवढी वाट राखणं मालकालाही भाग होतं. खालच्या खोलगट भागात पावसाळी चिखल साचतो म्हणून वाटा शक्यतो टेकड्यांच्या धारेवरून काढलेल्या. एका धारेवरून उतरायचं, ओढा ओलांडायचा, पुढच्या धारेवर चढायचं. इथे एकही मोठा घाट नाही, तरी दिवसअखेर सायकलस्वाराचे पाय बोलायला लागतात ते या सततच्या चढउतारामुळे.

पांढरा रंग दगडाचा आहे. सिएनाच्या उत्तरेला कियांतीच्या टेकड्यांत चुनखडीचा दगड मुबलक सापडतो. तोच फोडून वाटांवर पसरत. दक्षिणेला ‘क्रेते सेनेझी’ नावाचा उघडाबोडका करडा प्रदेश आहे. लाखो वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्याच्या तळाची चिकणमाती वर आली आणि तिच्याच या टेकड्या झाल्या. या मातीवरची खडी कोरडी असताना पिठासारखी उडते, आणि पाऊस पडला की सायकलच्या ब्रेकमध्ये, साखळीत, सवारांच्या दातांत जाऊन बसते.

या रस्त्यांचं फार जुनं आणि फार देखणं चित्र सिएनाच्या नगरपालिकेच्या इमारतीतच आहे. आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८–३९मध्ये तिथल्या सभागृहाच्या भिंतीवर चांगल्या राज्यकारभाराचे परिणाम रंगवले. त्यात शहराच्या वेशीतून एक वाट उतरत शेतांकडे जाते. घोड्यावर बसलेली उमराव मंडळी ससाणा घेऊन शिकारीला निघाली आहेत आणि समोरून एक शेतकरी डुक्कर हाकत बाजाराकडे चढतोय. डुकराचं अंग काळं, खांद्यावर पांढरा पट्टा. ही ‘चिंता सेनेझे’ नावाची स्थानिक जात आजही पाळली जाते. सुरक्षित, वापरता येण्याजोगा रस्ता हा चांगल्या राज्याचा पुरावा, असं त्या काळच्या सिएनाला वाटत होतं. त्यात व्यापाराचा भाग मोठा होता. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा ‘व्हिया फ्रांचीजेना’ मार्ग सिएनातूनच जायचा.

सायकलची गोष्ट त्यामानाने कालची. इटलीभर टप्प्याटप्प्याने होणारी ‘जीरो’ ही शर्यत पहिल्यांदा १३ मे १९०९ रोजी मिलानहून सुटली. ८ टप्पे, २,४४८ किलोमीटर, आणि रस्ते जवळजवळ सगळे कच्चे. आज ज्याला कौतुकाने ‘ग्रॅव्हल’, म्हणजे खडीचा रस्ता, म्हणतात, ते तेव्हा निव्वळ ‘रस्ता’ होतं. जिंकला लुईजी गान्ना, मूळचा गवंडी. कसं वाटतंय असं विचारल्यावर ‘बूड जळतंय’ एवढंच तो म्हणाला, हा किस्सा इटालियन माणसं अजून चवीने सांगतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत डांबर वेगाने पसरलं. मिलान ते नेपल्स हा महामार्ग १९६४मध्ये पूर्ण झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी कायद्याने अर्धलीचे नवे करार बंद केले. तोवर ही पद्धत आतून पोखरली गेलीच होती. पन्नास-साठच्या दशकांत टस्कनीतली कुळं गठ्ठ्याने शहरांकडे आणि कारखान्यांकडे निघून गेली. त्यांना दोष कोण देणार? निम्मं पीक मालकाला, उरलेल्या निम्म्यातून त्याचीच उधारी फेडायची, आणि घरात वीज-पाण्याची बोंब. घरं ओस पडली. ओस घराकडे जाणाऱ्या वाटेवर कुठली नगरपालिका डांबर ओतेल? मुख्य रस्ते काळे झाले आणि पोदेरेंच्या वाटा तशाच पांढऱ्या राहिल्या. पर्यटन पुस्तिका हल्ली यालाच ‘जपलेला वारसा’ म्हणतात. खरं तर कुणी काही जपलं नव्हतं, नुसतं मागे टाकलं होतं.

पुढे चित्र पालटलं. ओस घरं आधी परदेशी, विशेषतः इंग्रज, खरेदीदारांनी घेतली. १९८५च्या कायद्याने शेतावर पाहुणे ठेवण्याच्या व्यवसायाला रीतसर मान्यता मिळाली. कियांतीच्या वाइनला भाव आला. घराघरापुढे गाड्या उभ्या राहिल्या आणि गाडीवाल्यांना धूळ नको होती. शिवाय कच्चा रस्ता एकदा करून विसरता येत नाही. मोठा पाऊस झाला की चढावर पाण्याचे चर पडतात, खडी उताराला जमा होते आणि ती पुन्हा वर आणून दाबावी लागते. अशा वाटांसाठी खरा धोक्याचा काळ नव्वदच्या दशकात आला.

नेमकं तेव्हाच गायोले इन कियांती गावच्या जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७मध्ये ‘एरोईका’ नावाची सायकलफेरी काढली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. बार्ताली आणि कोप्पी या जुन्या इटालियन सायकलपटूंच्या जमान्यातली सायकलिंगची रग पुन्हा अनुभवायची, हा एक हेतू. दुसरा, जास्त व्यवहारी, म्हणजे या कच्च्या रस्त्यांना जगायला एक कारण मिळवून द्यायचं. नियम ऐकताना गंमत वाटते. सायकल १९८७च्या आधीच्या धाटणीची हवी, गिअरच्या दांड्या सांगाड्याच्या खालच्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या वळलेल्या दिसायला हव्यात आणि पॅडलला पाय बांधायचे चामडी पट्टे हवेत. लांब पल्ल्याचे सवार अंधारातच निघतात. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणाऱ्या पहिल्या कच्च्या वाटेवर दुतर्फा दिवे लावलेले असतात. वाटेतल्या थांब्यांवर एनर्जी जेलच्या जागी ‘रिबोल्लीता’ मिळतं, म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि काळ्या कोबीचं घट्ट सूप. सोबत तेल लावलेला पाव आणि हवी त्याला लाल वाइन.

या सगळ्याला गतकाळाचं नाटक म्हणून नाक मुरडता येतं. लोकरीची जर्सी घालून मिशीला पीळ देणारे हौशी पाहिले की मलाही थोडं हसू येतं. कुळांच्या त्या जगात गोड फार थोडं होतं आणि त्या वाटांवर वाइन पीत चालणारा माणूस बहुधा मालकच असायचा. पण हौशी मंडळींनी एक काम चोख केलं. हजारो लोक ज्यासाठी विमानाने येतात तो रस्ता डांबराखाली बुजवण्याचा ठराव मांडणं कुठल्याही महापौराला अवघड झालं. पुढे जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंत एरोईकाच्या आवृत्त्या निघाल्या.

स्त्रादे बियांके ही व्यावसायिक शर्यत याच फेरीतून निघाली. ९ ऑक्टोबर २००७ रोजी गायोलेहून सुटलेली पहिली शर्यत रशियाच्या अलेक्झांडर कोलोब्नेव्हने सिएनात जिंकली. पुढच्याच वर्षी ती मार्चमध्ये आली. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेल्लाराने ती २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीनदा जिंकली, म्हणून आशियानोजवळच्या मोन्ते सान्ते मारीए या ११.५ किलोमीटरच्या खडतर टप्प्याला त्याचं नाव दिलं आहे. शेवट शहरात, सांता कातेरिना गल्लीच्या दगडी फरशीवर. तिथला चढ १६ टक्क्यांपर्यंत जातो आणि तो संपला की घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेला काम्पो चौक येतो. महिलांची शर्यत २०१५पासून होते. २०२४मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने शेवटचे ८१ किलोमीटर एकट्याने मारले, तेही त्याच मोन्ते सान्ते मारीएवर निसटून.

तरी या रस्त्यांची खरी ओळख सामान्य प्रेक्षकाला पटली ती २०१०च्या जीरोत. मोंताल्चीनोकडे जाणाऱ्या टप्प्यात धो धो पाऊस पडला, सवारांचे चेहरे चिखलाने ओळखू येईनासे झाले आणि विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातलेला ऑस्ट्रेलियाचा कॅडेल एव्हान्स राखाडी होऊन जिंकला.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. स्त्रादे बियांके ही ग्रॅव्हल शर्यत नव्हे. तिथे साध्या रोड सायकलीच धावतात, फक्त टायर जरा रुंद. रुंद टायरच्या खास ग्रॅव्हल सायकलींची लाट अमेरिकेतून, कॅन्ससच्या माळांवरून आली. इटलीत त्या लाटेला तयार रस्ते मिळाले. २०१७मध्ये बुओनकोन्व्हेन्तो गावात आधुनिक सायकलींसाठी ‘नोव्हा एरोईका’ सुरू झाली आणि पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा २०२२मध्ये इटलीतच, उत्तरेच्या व्हेनेतो प्रांतात भरली. तो मार्ग फारच सपाट निघाल्याची कुरकूर झाली. पुढच्या वर्षी ती त्याच प्रांतात, पण अधिक डोंगराळ वाटेवर झाली.

एरोईकाचा दोनशेहून अधिक किलोमीटरचा मूळ मार्ग आता पाट्या लावून कायमचा आखलेला आहे. कोणीही, कुठल्याही सायकलवर, वर्षभरात केव्हाही तो करू शकतो, आणि बहुतेक जण येतात ते रुंद टायरच्या कार्बन सायकली घेऊन. एरोईकाच्या दिवशी, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मात्र त्याच सायकलीला गायोलेत प्रवेश मिळत नाही.