सॉफ्टवेअर बदललं तरी अडतं ते कोडेकपाशीच

प्रीमियर सोडून रिझॉल्व्हवर (दोन्ही व्हिडिओ एडिटिंगची सॉफ्टवेअर) जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास कीबोर्ड शॉर्टकट्सचा येतो. शॉर्टकट्स थोड्या दिवसांत हाताला बसतात हो. जड जातं ते जुनं फूटेज आणि ते ज्या इंटरमीडिएट कोडेकमध्ये करून ठेवलंय तो कोडेक (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, इंटरमीडिएट म्हणजे खास एडिटिंगसाठीची मधली), आणि हे आजचं नाहीये, याची सुरुवात टेपच्या काळातली आहे.

१९९९ ला अ‍ॅपलने फायनल कट प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर आणलं तेव्हा बहुतेक छोट्या युनिट्सचं काम मिनीडीव्ही टेपवर चालायचं. सेकंदाला २५ मेगाबिट, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली, फायरवायर केबलने कॅप्चर करा, कापा, परत टेपवर मारा. इंटरमीडिएट वगैरे कुणाला लागायचंच नाही कारण कॅमेऱ्याचा कोडेक तोच टाइमलाइनचा कोडेक.

मग २००३ मध्ये एचडीव्ही आलं आणि तिथून गाडं बिघडलं. टेप तीच, डेटा रेट तोच २५ मेगाबिट आणि बसवायचं होतं एचडी, म्हणून लाँग जीओपी (फ्रेम्सचा लांब गट एकत्र दाबणारं) एमपेग-२ वापरलं. म्हणजे ५०आय मध्ये (सेकंदाला २५ फ्रेम्स) १२ फ्रेम्सच्या गटात पूर्ण चित्र एकाच फ्रेमचं, बाकी ११ मध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच. आता लग्नात अक्षता पडतानाचा शॉट घ्या, त्यात गटाच्या सातव्या फ्रेमवर कट मारला की सॉफ्टवेअरला आधी त्या पूर्ण फ्रेमपर्यंत मागे जायचं, तिथून उलगडत सातव्यापर्यंत यायचं आणि मग ते चित्र दाखवायचं, आणि असे तीन कॅमेऱ्यांचे ट्रॅक एकावर एक असले की प्लेबॅक लटकायचाच. शिवाय हवेत उडणारा प्रत्येक दाणा म्हणजे नवीन बदल, त्यामुळे नेमक्या त्याच क्षणाला चित्राचे चौकोन व्हायचे, आणि कलर करून परत त्याच फॉरमॅटमध्ये रेंडर केलं की अजूनच खराब.

यावरचा उपाय इंटरमीडिएट कोडेक. फाइल मोठी होऊ दे, पण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवा आणि रंगाची माहिती राखा. अ‍ॅव्हिडने २००४ ला डीएनएक्सएचडी काढला, सिनेफॉर्म होता, एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कॅनोपस एचक्यू होता (आपल्याकडच्या लग्नाच्या एडिटर्सनी एडियस इतकं का धरलं त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं), आणि २००७ ला फायनल कट प्रो ६ सोबत प्रोरेस आला. १०८० २५पी ला (फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम्स) प्रोरेस ४२२ साधारण १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला ५५ जीबी. पुढच्याच वर्षी कॅनन ५डी मार्क टू हा कॅमेरा आला, त्याचं एच.२६४ कोडेकमधलं फूटेज चाळीसेक मेगाबिटचं, तासाला १८ जीबी. म्हणजे हार्डडिस्क तिपटीने भरायची, तरी लोक एमपेग स्ट्रीमक्लिप या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला रात्रभर बॅच लावून प्रोरेस करायचे कारण त्याशिवाय फायनल कट ७ मध्ये एच.२६४ धड चालायचंच नाही.

२१ जून २०११ ला फायनल कट प्रो एक्स आलं. ६४-बिट, वेगवान, पण जुनी प्रोजेक्ट्स उघडत नव्हती, एक्सएमएल नाही, ईडीएल नाही (दोन्ही एडिट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या फाइल्स), मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिटिंग) नाही, आणि जुन्याची विक्री बंद. नाराजी झाली ती रास्तच होती. बरेच जण प्रीमियरकडे गेले, जिथे २०१० च्या सीएस५ पासून एच.२६४ थेट टाइमलाइनवर टाकता यायचं, म्हणून ट्रान्सकोड (फूटेज दुसऱ्या कोडेकमध्ये बदलून घेणं) करायची सवयच सुटली. जुन्या फायनल कटमधून एक्सएमएल काढून प्रीमियरमध्ये उघडलं की कट जागच्या जागी यायचे, टायटल्स आणि बरेचसे इफेक्ट्स मात्र परत करावे लागायचे. फूटेज प्रोरेसमध्ये असेल तर ते निमूटपणे चालायचं, आणि या सगळ्या स्थलांतरात सगळ्यात मोठा आधार तोच ठरला असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजवाल्यांचे हाल वेगळे होते. तिथे प्रोरेस वाचायला क्विकटाइम (अ‍ॅपलचं व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर) लागायचं, आणि एप्रिल २०१६ मध्ये त्यात दोन सुरक्षेच्या चुका सापडल्या तर अ‍ॅपलने दुरुस्त करायच्या ऐवजी विंडोजवरचं क्विकटाइमच सोडून दिलं. अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेनेही ते काढून टाका असं सांगितलं. विंडोजच्या प्रीमियरमधून प्रोरेस एक्स्पोर्ट करायची सोय यायला २०१८ चा डिसेंबर उजाडला. २०१९ ला मॅकवर कॅटलिना ही नवी सिस्टीम आली आणि ३२-बिट सॉफ्टवेअरसकट जुन्या क्विकटाइमवर चालणारे कोडेक गेले, त्याआधी फायनल कटमध्ये असलं मीडिया शोधून बदलून घ्यायची सोय द्यावी लागली होती. ज्यांनी ती वेळेत वापरली नाही त्यांना जुनी मशीन जपून ठेवावी लागली.

दुसरीकडे इंटरमीडिएट कोडेक थेट कॅमेऱ्यातच जाऊन बसला. २०१० च्या अ‍ॅरी अलेक्सा या सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रोरेस रेकॉर्ड व्हायचं, २०२१ ला आयफोन १३ प्रो मध्येही आलं, त्यांना ट्रान्सकोडची पायरीच उरली नाही. पण मिररलेस कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती राखणारं) एच.२६५ परत लाँग जीओपीच आहे, आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर त्याचं हार्डवेअर डिकोडिंग २०२५ च्या आरटीएक्स ५० सिरीजपासून मिळतंय. त्याआधीचं कार्ड असेल आणि इंटेलच्या नव्या प्रोसेसरची मदत नसेल तर रिझॉल्व्हमध्ये गेल्यावर पहिल्याच दिवशी डीएनएक्सएचआर (डीएनएक्सएचडीचाच पुढचा कोडेक) नाहीतर प्रॉक्सी (फूटेजच्या हलक्या कॉपीज) करायला लावा, आणि डिस्कचा हिशोब क्लायंटला कोटेशन देतानाच धरा.