अद्भुतकथेतील राक्षस : बदलते रूप

राक्षस : अद्भुतकथेत नायकाची वाट अडवणारे, माणसाहून निराळे आणि बहुधा माणूस खाणारे पात्र. दैत्य, वेताळ, चेटकीण, ड्रॅगन, ऑर्क (इंग्रजी अद्भुतकथांतली विद्रूप, लढाऊ जमात), व्हॅम्पायर हे सगळे या नोंदीत एकाच शब्दाखाली धरले आहेत. काटेकोर वर्गवारी करायला बसलो तर जागा त्यातच संपेल.

जुन्या साच्यातल्या राक्षसाला भूक असते, मत नसते. त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात. पोपटाची मान मुरगळली की गोष्ट संपली. मागे त्याच्या घरी कोण रडले, हे ऐकणारे पोरही विचारत नाही.

खानदेशात या साच्याचा मानकरी बकासुर. जळगाव जिल्ह्यातील एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी इकडची समजूत आहे, आणि जवळच्या पद्मालय परिसरातले भीमकुंड बकासुरवधाची जागा म्हणून दाखवतात. (एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे देशात इतरत्रही आहेत.) गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, हा बकाचा ठरलेला वाटा. भीम गाडा घेऊन जातो आणि आधी स्वतःच जेवायला बसतो. बक मागून पाठीत गुद्दे घालतो, हा वळूनही पाहत नाही. जेवण आटोपून, हात धुऊन मग उठतो. गोष्ट रंगते ती इथेच.

आदिपर्वातला मूळ मजकूर मात्र घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. तिथे बकाच्या वाट्याला चक्क ‘वेतन’ म्हटले आहे. त्या मुलखाचा राजा दुबळा. परचक्रापासून राखण करतो तो बक, आणि त्याची मजुरी म्हणून हा गाडा. बक मेल्यावर त्याचे नातलग घाबरून बाहेर येतात. भीम त्यांना मारत नाही. माणसाला हात लावणार नाही, एवढे कबूल करून घेऊन सोडून देतो, आणि पुढे त्या नगरीत राक्षस सौम्यपणे वावरताना दिसू लागतात. भीम नुकताच हिडिंबेशी संसार करून आला होता, हेही विसरू नये. मुलांना सांगताना हा सगळा भाग गळतो आणि उरतो तो ‘बकासुरासारखा खातो’ हा शेरा.

पाश्चात्त्य कथेत राक्षसाला वाचा फुटली ती मेरी शेलीच्या 1818 मधील ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत. तिथला निर्मिलेला जीव आपल्या कर्त्याला जाब विचारतो. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या 1954-55 मधील महाकादंबरीतले ऑर्क पुन्हा जुन्या वळणाचे, झुंडीने येणारे आणि झुंडीने मरणारे. अख्खी जमातच जन्मजात दुष्ट कशी, हा प्रश्न पुढे खुद्द टॉल्किनलाही छळत राहिला. 1971 मध्ये जॉन गार्डनरने ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची गोष्ट त्यातल्या राक्षसाच्या, ग्रेंडेलच्या तोंडून सांगितली. 1976 मध्ये अ‍ॅन राइसच्या कादंबरीतल्या व्हॅम्पायरने स्वतःची मुलाखत दिली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या 1974 च्या खेळात ऑर्क मारायचा शत्रू होता. 2024 च्या नियमपुस्तकात खेळाडू स्वतःच ऑर्क होऊ शकतो.

याची अतिशयोक्तीही झाली आहे. हल्लीच्या बऱ्याच कथांत गाव जाळणाऱ्याचे बालपण छळात गेलेले असायलाच हवे, असा दंडक दिसतो. तोही एक साचाच. पोपटातला जीव आता बालपणात ठेवतात, इतकेच.

मराठी वाचकाला बोलका राक्षस नवा नाही. 1952 पासून मराठीत निघालेल्या ‘चांदोबा’ मासिकातला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून न्यायाचे कोडे घालत असे आणि उत्तर मिळताच झाडावर परत जात असे. रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यांतल्या चेटकिणीला आणि राक्षसाला पोरे घाबरतात कमी, हसतात जास्त.

लोकाचारात तर राक्षसाला जागाच राखलेली असते. चैत्रात खानदेशातून पायी निघालेले भाविक सप्तशृंगगडावर पोहोचले की पायऱ्यांच्या सुरुवातीलाच महिषासुराचे शिर लागते. त्यालाही हात जोडले जातात, मगच वर त्याला मारणाऱ्या देवीचे दर्शन. शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा हे या महिषासुराचेच रूप, असे काही अभ्यासक मानतात.

‘डाकीण’ हा शब्द मात्र कथेत राहिलेला नाही. गावात कोणी आजारी पडले, गुरे मेली की नंदुरबारकडच्या सातपुड्यातील काही पाड्यांत एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. कादंबरीतल्या चेटकिणीला आज स्वतःची कैफियत मांडता येते. या बाईचे ऐकायला कोणी थांबत नाही. अमुक व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे मुश्किल करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.