साखरेची कणगी मांडीत असते

मागच्या महिन्यात आईचा एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आला, बॉर्डरलाइन. ती म्हणाली, "अगं, पण माझं वजन कुठे वाढलंय? आणि रोज पाऊण तास चालते की मी!" दोन्ही खरं आहे. पण आपण सगळेच नुसता काटा बघतो, त्या किलोंमध्ये स्नायू किती आणि चरबी किती हे कोणी बघतच नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. शेजारी शेजारी दोघं, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, म्हणजे एकदम नॉर्मल, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची घरोघरची गोष्ट आहे.

आता स्नायू कमी असले तर साखरेचा काय संबंध? इन्सुलिन जी साखर रक्तातून उचलायला लावतं तिचा सगळ्यात मोठा वाटा स्नायू घेतात आणि तिचं ग्लायकोजेन (साखरेचं साठवणीतलं रूप) करून साठवतात, मोठ्या माणसात साधारण ४०० ग्रॅम, लिव्हरमध्ये १०० च्या आसपास. म्हणजे स्नायू ही आपली कणगी, आणि कणगीच लहान असेल तर धान्य बाहेर सांडणारच.

साखर पेशीत आपोआप शिरत नाही, ग्लूट-४ नावाचं प्रोटीन तिचं दार असतं, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की एरवी यातली बहुतेक दारं भिंतीत बसवलेलीच नसतात, पेशीच्या आत बारीक पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्सुलिन बाहेरून येऊन चिकटलं की आत निरोपानिरोपी सुरू होते, पीआय३ कायनेज नावाचं एन्झाइम एकेटी नावाच्या दुसऱ्या एन्झाइमला जागं करतं, एकेटी पुढच्याला, असं करत करत त्या पिशव्या भिंतीला येऊन मिळतात आणि दारं बसतात. टाइप २ डायबेटिसमध्ये हा निरोपच मधे अडकतो. पण स्नायू जोर लावून आकुंचन पावला की आत कॅल्शियम सुटतं, एटीपी (पेशीचं इंधन) खर्च होतं, एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि त्याच दारांना दुसऱ्याच वाटेने निरोप जातो, इन्सुलिनशिवाय! ही वाट डायबेटिसवाल्यांच्या स्नायूतही चालू असते. वर व्यायामानंतर दिवसभर तरी स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतो, आणि नेमाने करत राहिलं तर दारांची संख्याही वाढते.

चालण्यानेही दारं उघडतात, त्यामुळे चालणं सोडू नका, पण त्याने कणगी फारशी मोठी होत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, ते राखायला ओझंच उचलावं लागतं, आणि सवय झाली की ओझं वाढवावं लागतं. वय झालं ही सबब नाही. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या लोकांकडून ८ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

वजन कमी करण्याबद्दल मात्र बरंच खोटं फिरतं. एक किलो स्नायू बसल्या जागी रोज १०० कॅलरी जाळतो म्हणे, खरा आकडा आहे १३ च्या आसपास. खरा फायदा असा की नुसतं खाणं तोडलं तर उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो, त्यात स्नायूही जातात, वजन उचललं आणि डाळ, अंडी, दही पुरेसं खाल्लं तर ते बरेचसे वाचतात. आणि ते घाम काढणारे पोटाचे पट्टे कृपा करून घेऊ नका, त्याने पाणी जातं, चरबी नाही. वजनं उचलून बायका पुरुषी दिसायला लागतात हेही डोक्यातून काढा, तेवढं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) बायकांच्या अंगात नसतंच.

डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकदम खाली येऊ शकते. वजन उचलताना श्वास रोखू नका, बीपी चढतं.

आईने डॉक्टरांना विचारून खुर्चीतून उठबस करायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ६ झाल्या, सातवीला हात टेकला. आता हात न टेकता १२ होतात, म्हणून कालपासून दोन्ही हातांत लिटरच्या बाटल्या दिल्यात, अर्ध्या भरलेल्या.