हौशी सुतारांसाठी: सोलापूरच्या हवेत लाकूड कसं निवडावं, कसं सांभाळावं

आमच्या वखारीत पूर्वी दोनच प्रकारची गिऱ्हाइकं यायची, घर बांधणारे आणि त्यांचे मिस्त्री. आता तिसरी मंडळीही येऊ लागली आहेत. निवृत्त झालेले काका असतात, शाळेतल्या बाई असतात, नातवासाठी पांगुळगाडा करायला निघालेले आजोबा असतात. त्यांना ट्रकभर माल नको असतो. एकच फळी हवी असते, पण ती चांगली हवी असते. हे पत्रक त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: पावसाळ्यात केलेली वस्तू उन्हाळ्यात तडकली. दोष बहुतेक वेळा लाकडात नसतो आणि करणाऱ्याच्या हातातही नसतो. तो घाईत असतो.

लाकूड हवेबरोबर हलतं

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या दुपारी इतक्या कोरड्या असतात की फळीतला ओलावा पाच-सहा टक्क्यांकडे उतरू लागतो. श्रावणातल्या दमट हवेत तोच वर चढतो. या चढउताराने लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. सागासारखं शहाणं लाकूडसुद्धा ओलावा पाच टक्के कमी झाला की फूटभर रुंदीमागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं. आंबा, निलगिरी त्याहून जास्त.

आमच्या घरच्या देव्हाऱ्याचं दार आम्ही असंच ऐन श्रावणात केलं होतं. चौकट सागाची, मध्ये नऊ इंची सागाची फळी, आणि पक्कं बसावं म्हणून चारही बाजूंच्या चरांत फेविकॉल भरलेला. गुढीपाडव्याच्या आसपास एका रात्री ‘टक्’ असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर फळीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उभी भेग, नख आत जाईल एवढी. फळीला आकसायचं होतं आणि आम्ही तिला चारही बाजूंनी धरून ठेवलं होतं. ते दार आजही वखारीत ठेवलं आहे. आलात की जरूर बघा, हात लावून बघा.

म्हणून चौकटीतली फळी चरात मोकळी सोडा. पावसाळ्यात काम करत असाल तर ती चरात खोलवर जाऊ द्या, म्हणजे पुढे आकसली तरी कडा उघडी पडणार नाही. उन्हाळ्यात करत असाल तर फुगायला दोन्ही बाजूंना सूतभर जागा ठेवा. फेविकॉल लावायचाच असेल तर वर आणि खाली, फक्त मधोमध एकेक थेंब. टेबलाचा माथा पायांच्या चौकटीवर बसवताना स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट करा.

फळी निवडताना तिच्या तोंडाकडे, म्हणजे कापलेल्या टोकाकडे बघा. वर्तुळांच्या रेषा आडव्या पसरलेल्या दिसल्या तर ती फळी जास्त हलणार. रेषा उभ्या असतील तर सागात हालचाल साधारण निम्मी होते. अशा फळ्या थोड्याच निघतात. मागा, आम्ही गठ्ठ्यातून काढून देऊ.

घरी नेल्यावर थांबा

फळी नेली त्याच दिवशी करवत लावू नका. जिथे वस्तू ठेवायची आहे त्या खोलीत ती निदान पंधरा दिवस राहू द्या. भिंतीला टेकवून उभी करू नका, वाकते. खाली तीन-चार सारख्या जाडीच्या रिपा घालून आडवी ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. गच्चीवर उन्हात तर मुळीच नको.

ओलावा मोजायचा मिटर विकत घ्यायची गरज नाही. घरच्या वजनकाट्यावर एक तुकडा तोला, फळीवरच पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. आठवड्याने पुन्हा तोला. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन बदललं नाही की लाकूड खोलीला सरावलं.

ओलं लाकूड मिळालं, समजा शेतातली बाभूळ कापून आणली, तर उन्हाळ्यात जास्तच जपावं लागतं. टोकांतून पाणी भराभर उडतं आणि टोकापासून चिरा पडत आत जातात. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट किंवा वितळवलेलं मेण लावा. फळ्या पाडून सावलीत रचा, वाऱ्याच्या झोतात नको, वर दगडाचं वजन ठेवा. हे काम पाऊस सुरू झाल्यावर हाती घेतलं तर नुकसान फार कमी होतं.

इथलं लाकूड

सागाच्या जंगलांचा मोठा मुलूख राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीकडे आहे. आपल्याकडे पाऊस कमी आणि झाडंही बेताचीच. पण जे आहे त्याला आम्ही कमी लेखत नाही. बैलगाडी, औत, तिफण हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या बाभळीवर चाललं. तिचा आतला तांबूस गाभा हातोडीच्या दांड्याला, मोगरीला, लाटण्याला उत्तम. चिंचेचा ठोकळा वर्षानुवर्षं सुऱ्याचे घाव सोसतो. कडुनिंबाला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याचा भुसा नाकात झोंबतो, तोंडाला फडकं बांधा. आणि जिला सगळे शिव्या घालतात ती वेडी बाभूळ, तिचं लाकूड आकसतं फार कमी. मोठी फळी निघत नाही, पण पेटीची बिजागरीकडची पट्टी, मुठी, बुद्धिबळाच्या सोंगट्या यांसाठी आम्ही ती मुद्दाम सुचवतो. कोळशाच्या भट्टीत जाणारा तेवढा एक ओंडका तरी वाचवावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

सर्वांत चांगलं लाकूड मात्र आपल्या गावांतल्या माळवदांत आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे १९९३ नंतर, दगड-मातीच्या घरांची धास्ती बसली. जुनं माळवद उतरवलं की त्याच्या तुळया, खांब, चौकटी विकायला येतात. वरून काळं, चुलीच्या धुराने माखलेलं, चुना-मातीने भरलेलं. पण रंध्याचा एक हात फिरवला की आतून मधासारखा पिवळा साग निघतो आणि तेलाचा तो ओळखीचा वास येतो. आधी तारेच्या ब्रशने माती झाडा, मग लोहचुंबक फिरवा, कारण मोडलेला खिळा वरून दिसत नाही आणि चांगल्या पात्याचे दात घालवतो. ठोकून बघा. भद्द आवाज आला तर आत वाळवीने पोखरलेलं असू शकतं. जुनं लाकूड ‘मेलेलं’ असतं, हलत नाही, असं म्हणतात. ते खरं नाही. तेही हवेबरोबर हलतं, त्यालाही पंधरा दिवस द्या.

एमआयडीसीत यंत्रांबरोबर येणाऱ्या खोक्यांचं पाइन स्वस्त पडतं, शिकायला छान. त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. शिक्क्यात एचटी असेल तर ते लाकूड फक्त तापवलेलं आहे, घ्या. एमबी असेल तर विषारी धुरी दिलेली आहे, घरात आणू नका.

स्वतःच्या शेतातला साग, चिंच, आंबा तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शहराच्या हद्दीत तर महापालिकेला विचारल्याशिवाय कुठल्याच झाडाला हात लावू नका.

तेल लावताना

आपल्याकडचं जवसाचं तेल लाकडावर सुरेख बसतं. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून चिंधी आपोआप पेटते. चिंध्या उघड्यावर, एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

येताना

मापं कागदावर लिहून आणा, लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंच आणि सुतांत. भाव घनफुटावर असतो: तिन्ही मापांचा गुणाकार भागिले १४४. चार फुटी, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे घनफुटाचा सहावा भाग. इंची फळी रंधून झाल्यावर सहा-सात सूतच उरते, हे धरून मापं काढा. लहान तुकडे आम्ही दाराशेजारच्या पेटीत वेगळे ठेवतो. त्यांना घनफूट लावत नाही, वजनावर देतो. पहिलं काम त्यातूनच करा.