पारसिकचा भार कोण पेलतं?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा शिळफाट्याजवळ पारसिकच्या डोंगराखालून जातो. सर्वांत खोल जागी त्याच्या डोक्यावर 114 मीटर उंचीचा डोंगर आहे. आपला काळा पत्थर घनमीटरला पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे तिथे छताच्या दर चौरस मीटरवर 300 टनांहून जास्त वजन आलं. बोगदा साधारण 12-13 मीटर रुंद, त्यामुळे लांबीच्या एकेका मीटरवर जवळपास चार हजार टन. आणि खोदल्याबरोबर या छताला आतून जो आधार मिळतो, तो फवारलेल्या काँक्रीटचा फार तर वीतभर जाडीचा थर आणि खडकात ठोकलेल्या लोखंडी सळ्या. हिशेब उघडच जुळत नाही. मग डोंगर खाली का येत नाही?

याचं उत्तर मला लहानपणी ठाण्यात जांभळी नाक्यावर दिसलं होतं, पण तेव्हा ते कळलं नव्हतं. धान्याचे व्यापारी नमुना पाहायला पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसायचे. नळी काढली की भोकातून चार दाणे सांडायचे आणि धार आपोआप थांबायची. वर पन्नास किलो तांदूळ असूनही तो बाहेर येत नसे. भोकापाशी दाणे एकमेकांत अडकून त्यांची छोटी कमान तयार व्हायची आणि वरचं वजन ती दोन्ही बाजूंना वळवायची. भोक बोटभर मोठं झालं की मात्र कमान मोडायची आणि तांदूळ भळाभळा वाहायचा.

बोगद्याचं मूळ शास्त्र हेच आहे. डोंगराला भोक पडलं की वरचा भार भोकाला वळसा घालून दोन्ही बाजूंच्या खडकात उतरतो. जुन्या वाड्याच्या कमानीत चिरे एकमेकांना दाबून उभे असतात, तसे बोगद्याभोवतीच्या खडकाचे तुकडे एकमेकांना दाबून उभे राहतात. म्हणून बोगद्याचं छत गोल किंवा घोड्याच्या नालेसारखं असतं. सपाट छत मध्ये झुकतं, त्याची खालची बाजू ताणली जाते, आणि दगडाला ताण सोसत नाही. दाब तो जितका सहन करतो, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा ताणही त्याला फार होतो.

तेव्हा बोगद्याचं सर्वांत महत्त्वाचं बांधकाम साहित्य सिमेंटही नाही आणि पोलादही नाही. ते म्हणजे भोवतालचा डोंगर. अभियंत्याचं काम त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत करण्याचं.

पोत्यात प्रश्न होता भोकाच्या आणि दाण्याच्या आकाराचा. डोंगरात तोच प्रश्न बोगद्याची रुंदी आणि खडकातल्या भेगांनी पडलेले तुकडे यांचा असतो. भेगा लांब लांब असतील तर तुकडे मोठे आणि छत दीर्घकाळ टिकतं. भेगा दाट, त्यात माती आणि पाणी असेल तर काही तासांतच दगड सुटू लागतात. निराधार छत किती वेळ टिकेल, याचा अंदाज ही बोगद्याच्या कामातली पहिली गोष्ट. त्यासाठी खडकाला गुण द्यायच्या पद्धती आहेत. बिएनियाव्स्की यांची 1973 ची आणि बार्टन व सहकाऱ्यांची 1974 ची, या दोन आजही जगभर चालतात. भेगांची संख्या, त्यांचा खडबडीतपणा, पाणी, सगळ्याला आकडे. खडकाचे गुण कमी असतील तर पुढची खुदाई कमी लांबीची आणि आधार दाट.

आपल्या भागात हे गुण थोड्या अंतरावर बदलू शकतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला. एक थर घट्ट बसाल्टचा, दुसरा बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, आणि कुठे कुठे दोहोंच्या मधे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खालच्या थराचा वरचा भाग हवापाण्याने कुजला, त्याचा तो पट्टा. पावसाळ्यात घाटातल्या कापलेल्या कड्यांवर एकाच रेषेत पाणी पाझरताना दिसतं, ते बऱ्याचदा अशा दोन थरांच्या सांध्यावरून. बोगद्याच्या छतात असा सांधा आला तर वरचा थर खालच्यापासून सुटू शकतो. मशीन कितीही मोठं असो, आधी भोकं पाडून खडकाचे नमुने काढावेच लागतात, त्यात काटकसर नको.

घणसोली ते शिळफाटा हा बुलेट ट्रेनच्या बोगद्याचा 4.88 किलोमीटरचा तुकडा ‘नाटम’ (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) पद्धतीने झाला. ही ऑस्ट्रियन पद्धत. अभियंते लाडिस्लाउस फॉन राब्सेविच यांनी 1960 च्या दशकात ती मांडली. खडकाला जरा हलू द्यायचं, म्हणजे त्याची कमान जमते. पण फार हलू द्यायचं नाही, नाहीतर तो विस्कटतो. पूर्वी लाकडी टेकू लावून डोंगर अडवून धरायचा प्रयत्न होई. इथे आधार मुद्दाम पातळ आणि लवचीक ठेवतात.

काम ठरावीक फेऱ्यांत चालतं. समोरच्या भिंतीवर खुणा करतात, मशीनने भोकं पाडतात, त्यात सुरुंग भरतात. सगळे सुरुंग एकदम उडवत नाहीत. आधी मधले उडतात, कारण फुटलेल्या दगडाला जायला मोकळी जागा हवी. मग काही मिलिसेकंदांच्या अंतराने बाहेरची वर्तुळं. सर्वांत शेवटी कडेची भोकं, जवळजवळ पाडलेली आणि कमी दारू भरलेली, म्हणजे उरणाऱ्या खडकाला इजा होत नाही. बाहेर उभ्या माणसाला एकच लांबट धडाका ऐकू येतो. या मिलिसेकंदांच्या विभागणीमुळेच वरच्या वस्तीला बसणारा हादराही कमी होतो. मग पंख्यांनी धूर काढायचा, छताचे सैल दगड पाडायचे, मलबा डंपरने बाहेर न्यायचा, काँक्रीट फवारायचं, भोकं पाडून रॉक बोल्ट, म्हणजे त्या लोखंडी सळ्या, बसवायचे. पुन्हा पहिल्यापासून. अशा एका फेरीत बोगदा काही मीटरच पुढे सरकतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मोजमाप. भिंतींवर परावर्तक चकत्या लावलेल्या असतात. सर्वेक्षक रोज त्यांची जागा मिलिमीटरमध्ये मोजतो. सरकण्याचा वेग दिवसेंदिवस मंदावत असेल तर कमान जमली. वेग वाढू लागला तर बोल्ट वाढवायचे, काँक्रीटचा थर वाढवायचा, ताबडतोब. हालचाल थांबल्यावरच आतलं कायमचं अस्तर घालतात.

काम लवकर व्हावं म्हणून घणसोलीला 394 मीटरचा आडवाटेचा बोगदा आधी खोदला गेला. त्यातून मुख्य मार्गावर उतरलं की दोन्ही दिशांना खोदता येतं, आणि तीच वाट हवेसाठी व सुटकेसाठीही उपयोगी. 20 सप्टेंबर 2025 रोजी शेवटची भिंत फुटली आणि हा पूर्ण तुकडा आरपार झाला. याच डोंगरात 1916 मध्ये सुमारे 1.3 किलोमीटरचा पारसिक बोगदा सुरू झाला होता. आपल्यापैकी कित्येकांनी लोकलच्या दारात उभं राहून त्यातला थंड वारा घेतला आहे. ऐरोली-काटई रस्त्याचा सुमारे 1.7 किलोमीटरचा बोगदाही याच डोंगरातून जातो.

खाडीखाली मात्र ही पद्धत चालत नाही. बुलेट ट्रेनच्या 21 किलोमीटरच्या बोगद्यातले 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. इथे पाणी थांबायला तयार नसतं. दर 10 मीटर खोलीला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. 40 मीटर खोल, 13 मीटर व्यासाची समोरची भिंत धरली, तर तिच्यावर पाण्याचा जोर सुमारे पाच हजार टनांचा. सुरुंग लावून तिथे थांबायला वेळ कुठला? म्हणून टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारी अजस्र मशीन. तिच्या तोंडाशी पोलादी चकत्या खडकावर दाबून फिरवतात, त्यांच्या चऱ्यांमधला खडक ढलप्या होऊन सुटतो. पाणथळ जागी तोंडाजवळची पोकळी बेंटोनाइट मातीच्या दाट पाण्याने भरून दाबाखाली ठेवता येते. या मातीची दुधावरच्या सायीसारखी पातळ कातडी समोरच्या भिंतीवर धरते. त्या सायीला आतून दाब दिला की बाहेरचं पाणी आणि गाळ जागच्या जागी राहतो.

मशीनच्या मागे, पोलादी कवचाच्या आडोशाला, काँक्रीटचे वळणदार तुकडे जोडून कडं तयार होतं. मार्क ब्रुनेल यांनी लंडनला थेम्स नदीखाली 1825 मध्ये असाच कवचाचा विचार वापरून काम सुरू केलं. ते 1843 ला पुरं झालं. आपल्याकडे हे तुकडे महापेला घडतात. नऊ तुकडे आणि शेवटी मधे बसणारा एक लहान, कमानीतला कळीचा दगड जसा. असं एक कडं 2 मीटर रुंद, अर्धा मीटर जाड. अशी सुमारे 7,700 कडी लागतात, म्हणजे 77,000 तुकडे. मशीन पुढे सरकतं ते याच तयार कड्याला मागे रेटून. कड्याबाहेर उरलेल्या फटीत लगेच सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरतात, नाहीतर वरची जमीन खचेल.

या कड्याच्या बाबतीत एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 13 मीटर व्यासाचा बोगदा दर मीटरला 130 टनांहून जास्त पाणी बाजूला सारतो. त्याच एका मीटरच्या काँक्रीटचं वजन भरतं सुमारे 50 टन. म्हणजे खाडीखालचा रिकामा बोगदा पाण्यात दाबून ठेवलेल्या बंद डब्यासारखा वर यायला पाहतो, दर मीटरला 80 टनांच्या जोराने. त्याला खाली धरून ठेवतो तो त्याच्यावरचा खडक आणि गाळ. शिळफाट्याला ज्या वजनाला वळसा घालून बाजूला उतरवायचं होतं, तेच वजन इथे डोक्यावर पुरेसं आहे ना, हे आधी तपासावं लागतं.